दोन नांवें, एक कथा

१९३८ सालीं जपानच्या आक्रमणानें गांजलेल्या चीनच्या साहाय्यार्थ हिंदुस्थानांतून पांच डॉक्टर गेले. चौघे परतले, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजीं तेथेंच रुग्णसेवा करीत असतां वारले. या कथेवरील आपल्या इंग्रजी पुस्तकास ख्वाजा अहमद अब्बास यांनीं १९४४ सालीं जें नांव दिलें, त्याचा अर्थ 'आणि एक परतला नाहीं'. त्याच पुस्तकाच्या आधारें १९४६ सालीं व्ही. शांताराम यांनीं काढलेला बोलपट मात्र 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' झाला. आम्हांस पुस्तकाचें नांव अधिक मार्मिक वाटतें. अमरत्व राष्ट्रें बहाल करितात. 'परतला नाहीं' हे वाट पाहणाऱ्या घराचे शब्द आहेत. सेवेचें मोल मागें राहिलेल्यांनींहि दिलें, हें त्यांत न सांगतां उमटतें. तथापि तेंहि नांव अपुरेंच. कोटणीसांचें चीनमध्यें दुसरें घर झालें होतें. मृत्युसमयीं तेथें त्यांची चिनी पत्नी व चार महिन्यांचाहि न झालेला मुलगा होता. सोलापुरास न परतलेला हा पुरुष त्या घरांतूनहि गेला. हें दुहेरी दुःख दोहोंपैकीं एकाहि नांवांत मावत नाहीं.