आंदण दिलेले बेट आणि न विचारलेली माणसे

मुंबई हे बेट पोर्तुगालच्या राजाने इंग्लंडच्या राजाला आंदण दिले, हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने मराठी शाळेत पाठ केलेले आहे. राजकन्या कॅथरीन, वर दुसरा चार्ल्स आणि लग्नात दिलेले एक बेट, एवढ्यावर तो धडा संपत असे. पुढे आमची उभी नोकरी महसुली कागदपत्रांत गेली. निवृत्तीनंतर मुंबई बेटाच्या जुन्या करारांची माहिती सवडीने वाचू लागलो, तेव्हा शाळेतल्या त्या सोप्या वाक्याबद्दल शंका येऊ लागली. आक्षेप लग्नाला नाही, तर ‘आंदण’ या शब्दाला आहे. मराठीतील लोकप्रिय इतिहासलेखनाने हा शब्द इतक्या प्रेमाने जपला, की त्याच्याआड दडलेला खरा प्रश्न वाचकाला दिसलाच नाही.

आंदण म्हणजे मुलीबरोबर सासरी पाठवावयाची वस्तू. भांडी, गाय, क्वचित एखादे शेत. भांड्याला विचारण्याची रीत नाही. एखादा मनुष्य दुसऱ्याच्या वस्तूवर हक्क सांगू लागला, तर ‘तुला काय आंदण दिले आहे?’ असे आपण रागाने विचारतो. म्हणजे मालकी आणि सत्ता यांत फरक आहे, हे आपल्या बोलीला ठाऊक आहे. मुंबईचा विषय निघाला की आपले लेखक मात्र तो फरक विसरतात. राजाने राज्य दिले असेल. पण बेटावरची भातशेते, नारळीच्या वाड्या, मिठागरे आणि मासेमारीच्या जागा ज्यांच्या भोगवट्यात होत्या, त्यांचे काय झाले? हा प्रश्न आमच्या पाठ्यपुस्तकाने कधी विचारला नाही.

मराठीत या प्रश्नाची जाण मुळीच नव्हती असे म्हणता येत नाही. वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेली ‘महिकावतीची बखर’ आज आपण बहुधा राजवंशांसाठी वाचतो. तिचा जीव मात्र वृत्ती आणि वतने यांच्या नोंदींत आहे. राजे येतात व जातात. प्रत्येक वेळी वतनदार आपला हक्क नव्या सत्तेकडून मान्य करून घेण्यासाठी धडपडतो. बखरकाराचा इतिहास जागोजागी कच्चा आहे, परंतु कोणता प्रश्न महत्त्वाचा हे त्याला आमच्या पाठ्यपुस्तककारांपेक्षा अधिक कळले होते. गोविंद नारायण माडगांवकरांच्या ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) या ग्रंथाने शहराविषयीचे कुतूहल मराठीत रुजविले, ही त्यांची थोरवी. त्यानंतरच्या शहरवर्णनांनी बाजार, देवळे आणि गिरण्या रंगविल्या. जमिनीचा हक्क मात्र वकिलांकडे सोडून दिला.

आता मूळ दस्तऐवजांकडे महसुली नजरेने पाहू. विवाहाचा तह २३ जून १६६१ चा. त्याच्या अकराव्या कलमाने मुंबईचे बंदर आणि बेट सर्व हक्क, उत्पन्न व पूर्ण राज्याधिकारासह इंग्लंडच्या राजाकडे गेले. तेथील रहिवाशांना राहण्याची व आपला रोमन कॅथलिक धर्म पाळण्याची मोकळीक ठेवली. कोणत्याही तलाठ्याच्या ध्यानात यावी अशी उणीव येथेच आहे: कागदाला चतुःसीमा नाहीत. मुंबई म्हणजे नेमके किती? माहीम त्यात येते की नाही? साष्टीचे काय? इंग्रज म्हणत सगळे आले. पोर्तुगीज म्हणत फक्त ते एक बेट.

याचा परिणाम भयंकर झाला. सप्टेंबर १६६२ मध्ये इंग्रजी आरमार मुंबईस पोहोचले, तेव्हा व्हाइसरॉय आंतोनिओ द मेलो ई कास्त्रो याने अधिकारपत्रे रीतसर नाहीत असे सांगून ताबा नाकारला. सर अब्राहम शिपमन व त्याचे सुमारे चारशे शिपाई आश्रयासाठी कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर गेले. रोगराईने व उपासमारीने त्यातील बहुतेक तेथेच मेले. १६६४ मध्ये शिपमनही मेला. ज्या बेटावर ते ताटकळत मेले, त्या अंजदीवची गोष्ट आपल्या भागाला अधिक जवळची आहे. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत ते पोर्तुगीजांकडे राहिले. आज समोरचा किनारा कर्नाटकाचा, बेटाची हद्द गोव्याची आणि प्रत्यक्ष कब्जा नौदलाचा आहे. सत्ता, हद्द आणि ताबा या तीन गोष्टी एकाच ठिकाणी असतात असे ज्यांना वाटते, त्यांनी कारवारच्या किनाऱ्यावर एकदा उभे राहावे.

शिपमनचा चिटणीस हंफ्रे कुक याने जानेवारी १६६५ मध्ये व्हाइसरॉयशी करार केला आणि १८ फेब्रुवारीला ताबा घेतला. हा कब्जेपंचनामा वाचण्यासारखा आहे. बेटाची माती आणि दगड हातात दिले गेले, कुक बुरुजांवरून चालला, आणि कब्जा पूर्ण झाला. हे सारे घडले ते दोना इनेश दि मिरांडा या विधवा जमीनदारिणीच्या वाड्यात. ती बेटाची मालकीण म्हणून ओळखली जाई. त्याच्या शंभरएक वर्षे आधी हेच बेट पोर्तुगीज राजाने प्रसिद्ध वैद्य गार्सिया द ओर्ता याला वार्षिक खंडावर दिले होते. म्हणजे राजा लिस्बनमध्ये, बेटाची मालकीण वाड्यात, आणि जमीन कसणारे शेतात, असे तीन थर होते. लिस्बनच्या राजाने आपला थर दिला. बाकीचे दोन थर त्याचे नव्हतेच.

कुकच्या करारात रहिवाशांच्या मिळकती सुरक्षित राहतील अशी हमी होती. आमचे मन येथे समाधान पावणार, एवढ्यात दुसरे एक कलम समोर आले. पोर्तुगीज गावांतील कुणबी, भंडारी व इतर कामकरी लोक पळून मुंबईत आले, तर त्यांना थारा न देता ताबडतोब त्यांच्या धन्यांच्या हवाली करावे, असे ते कलम आहे. एकाच कागदावर जमीनदाराची जमीन त्याची ठरली आणि कुणब्याचे अंगही जमीनदाराचेच ठरले. मालकी हक्काच्या रक्षणाचा पोवाडा गाणाऱ्याने हे कलम गाळून चालणार नाही. दुसऱ्या चार्ल्सने पुढे हा करार अमान्य केला, तो मात्र कुणब्यांच्या कणवेने नव्हे. आपल्या पदरात कमी पडले म्हणून.

मार्च १६६८ च्या सनदेने चार्ल्सने बेट ईस्ट इंडिया कंपनीला दिले. खंड सालाचा दहा पौंड. कायद्याच्या भाषेत मुंबईची जमीन लंडनजवळच्या ईस्ट ग्रीनविच या शाही जहागिरीच्या धर्तीवर धरली गेली. सात समुद्रांपलीकडच्या एका गावाचा नमुना कोळ्याच्या वाडीला लागू झाला. कंपनीचे म्हणणे असे, की बऱ्याच जमिनी मूळच्या राजाच्या, लष्करी चाकरीच्या बदल्यात दिलेल्या. सबब त्या आता आमच्या. रहिवासी म्हणत, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या खात आलो. हा तंटा गव्हर्नर जेराल्ड आँजिअर याने तोडला. १६७२ च्या नोव्हेंबरात वाटाघाट झाली आणि १६७४ च्या जुलैत तिच्यावर शिक्कामोर्तब झाले. रहिवाशांनी मिळून सालिना वीस हजार शेराफीन द्यावेत आणि कंपनीने जमिनींवरील आपला दावा सोडून भोगवटादारांच्या मिळकती कायम कराव्यात, असा हा तोडगा होता.

हा तोडगा उदार होता काय? आमच्या मते तो शहाणा होता. लढाईने ओस पडू शकणारे बेट वसवायचे असेल, तर राहणाऱ्याला आपली जमीन उद्या आपलीच राहील याची खात्री हवी, हे आँजिअरने ओळखले. त्या रकमेला पुढे ‘पेन्शन’ म्हणू लागले आणि ‘पेन्शन व टॅक्स’ हा मुंबईच्या जमिनींचा एक धारणाप्रकार झाला. पोर्तुगीजांच्या ‘फोरो’ या खंडावरून फोरास जमिनी आल्या; त्यांच्यासाठी १८५१ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि फोरास रोड हे नाव लोकांच्या तोंडी बसले. फजेंदारी हा शब्दही त्याच घराण्यातला. राज्ये गेली, पण जमिनीच्या कागदावरचे शब्द उरले. ‘आंदण’ म्हणून सोडून दिलेल्या गोष्टीचा खरा उत्तरार्ध हा आहे.

पुढे जगातील न्यायालयांनी याच प्रश्नाची दोन उत्तरे दिली. स्पेनने फ्लोरिडा अमेरिकेला दिल्यावर उद्भवलेल्या पर्चमनच्या दाव्यात सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी १८३३ मध्ये म्हटले, की सत्तांतराने राज्य बदलते, लोकांची खासगी मालकी नव्हे. उलट शिंद्यांकडून इंग्रजांकडे आलेल्या पंचमहालातील जमिनींविषयीच्या वजेसिंगजींच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने १९२४ मध्ये सांगितले, की नव्या सत्तेने जेवढे हक्क मान्य केले तेवढेच रहिवाशाचे. १९६४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने, संत संस्थानच्या जंगलाच्या ठेक्यासंबंधीच्या वोरा फिद्दअलींच्या प्रकरणात, बहुमताने दुसरीच वाट कायम ठेवली. आमचा कल मार्शलसाहेबांकडे आहे. आपल्या देशात मात्र दाखला मागितला जातो तो नव्या धन्याच्या मान्यतेचा, हे समजून घेणे बरे.

आपल्या पूर्वजांनी तो दाखला दिलेला आहे. फेब्रुवारी १८१८ च्या सातारच्या जाहीरनाम्यात एल्फिन्स्टनने वतने, इनामे चालू राहतील असे आश्वासन दिले. पंचवीस वर्षे झाली नाहीत तोच १८४३ मध्ये दक्षिण मराठा मुलुखात, म्हणजे आपल्याच बेळगाव-धारवाडकडे, इनामांची चौकशी सुरू झाली. १८५२ च्या अकराव्या कायद्याने तिला धार आली. निपाणीकर सिधोजीराव नाईक निंबाळकर १८३९ मध्ये वारले आणि त्यांची जहागीर कंपनीने खालसा केली. आँजिअरच्या कंपनीनेच हे केले. पण आता तिला बेट वसवायचे नव्हते, मुलूख पचवायचा होता. तेथे तोडगा काढला आणि येथे कागद मागितला, हा फरक न्यायाचा नसून गरजेचा आहे.

१ नोव्हेंबर १९५६ ची गोष्ट निराळी, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा एकाही सर्व्हे नंबरची मालकी बदलली नाही. राज्य पुनर्रचना कायद्याच्या ११९ व्या कलमाने जुने कायदे त्या त्या प्रदेशात चालू राहिले. १८७९ चा मुंबईचा जमीन महसूल कायदा १९६४ पर्यंत आपल्याकडे लागू होता. सीमेचा वाद २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला, तो राज्याच्या अधिकाराचा. कोणाच्या परड्याचा नव्हे. भावनेच्या भरात आपले काही लेखक ‘आम्हाला आंदण दिले’ असे लिहितात. तो शब्द येथेही चुकीचा. आपण भांडी नाही, आणि आपली जमीन कोणी दिलेली नाही.

तरीही एक गोष्ट बदलली: दप्तराची भाषा. नोकरीत असताना एक वयोवृद्ध गृहस्थ आमच्यासमोर रुमाल सोडून बसले होते. त्यात मोडीतील एक जुनी सनद, मुंबई राज्याच्या काळातील मराठी उतारा आणि कानडीतील पाहणीपत्रक होते. तिन्हींत विहीर तीच, बांधही तोच. ते म्हणाले, “साहेब, पहिला कागद मला वाचता येत नाही, आणि तिसरा नातू वाचून दाखवतो. माझा म्हणावा असा मधला एकच.” कायद्याने तिसरा कागद चालतो, हे आम्ही त्यांना सांगितले. ते बरोबरच होते. पण त्यांच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते, हे तेव्हाही कळले होते.

परंतु टीकाकाराने स्वतःच्या घरचा रुमालही सोडावा. १६६५ च्या करारातील पळून आलेल्या कुणब्याला आपण विसरता कामा नये. आमच्या घरातील जुन्या कागदांत इनामाचे वर्णन चार ओळी आहे. जमीन कसणाऱ्याचे नाव एकदाच, तेही ‘कूळ’ म्हणून, आडनावाशिवाय. १९४८ चा मुंबईचा कूळकायदा आणि १ मार्च १९७४ पासून अमलात आलेली कर्नाटकातील जमीन सुधारणा यांनी त्या नावाला हक्क दिला. तेव्हा आपल्यापैकी अनेक घरांत सुतक पाळल्यासारखी शांतता होती. सत्तांतराच्या वेळी आपल्याला कोणी विचारले नाही, अशी आपली तक्रार आहे. तीच तक्रार कुळाने आपल्याविरुद्ध का करू नये?

म्हणून या अंकाच्या वाचकांस एक विनंती. ज्यांच्या माळ्यावर मोडीचे रुमाल आहेत, त्यांनी ते मंडळाकडे वाचनासाठी आणावेत. मोडी जाणणारे दोघे-तिघे अजून आपल्यात आहेत. उतारे करताना जमिनीच्या चतुःसीमांबरोबर, ती कसणाऱ्यांची जी नावे सापडतील तीही उतरवून घ्यावीत. आमच्या घरचा रुमाल येत्या बैठकीस आम्ही स्वतः घेऊन येत आहोत.