बोबडे कोण?

'बोबडा' हा शब्द कोशात काढला, की दोष थेट बोलणाऱ्याच्या जिभेवर ठेवलेला दिसतो. मोल्सवर्थ-कँडी (१८५७) पाहा, दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' पाहा. रोख तोच, उच्चार स्पष्ट नसणारा. ऐकणाऱ्याच्या कानाचा उल्लेख नाही. माझी तक्रार तेवढीच आहे.

तोतरा अडखळतो, तेच अक्षर पुन्हा पुन्हा घेतो. बोबडा अडखळत नाही. तो एका वर्णाच्या जागी दुसरा बसवतो, 'राजा'चा 'लाजा' करतो. 'बोबडी वळणे' हे निराळे. भीतीने ती कुणाचीही वळते आणि थोड्या वेळाने सुटते. ('बोबडकांदा' म्हणताना कांद्याचा काय अपराध, हे मला अजून कळलेले नाही.)

आता या र-ल कडेच पाहू. पतंजलीच्या महाभाष्यात असुरांची गोष्ट आहे. 'हे अरयः' म्हणायचे ते 'हेलयः' म्हणाले आणि पराभूत झाले. म्हणून म्लेच्छासारखे बोलू नये. धातुपाठात 'म्लेच्छ्' या धातूचा मूळ अर्थच अस्पष्ट बोलणे असा आहे. म्हणजे र च्या जागी ल आला, एवढ्यावर माणसे परकी ठरली. पण अशोकाच्या पूर्वेकडच्या शिलालेखांत 'राजा'चा 'लाजा'च आहे. सम्राटाला बोबडा कोण म्हणणार?

आमच्या वऱ्हाडात हा खेळ ळ आणि य चा. काळा तो काया, शाळा ती शाया, डोळा तो डोया. अकोल्याचे कवी विठ्ठल वाघ यांच्या तिफनीच्या कवितेतली मातीही 'काया'च आहे. ही जिभेची चूक नव्हे, नियम आहे. 'काया' म्हणजे शरीरही होते, तरी काया मातीत पेरणारा गोंधळत नाही.

मी अकोल्याचा. शिकायला बाहेर गेलो, तेव्हा तोंडी परीक्षेत माझ्या तोंडून 'वेय' निघाली. परीक्षक हसून म्हणाले, "बोबडं बोलू नका, वेळ म्हणा." माझी बोबडी वळली ती तेव्हा, पुढची दोन उत्तरे येत असून दिली नाहीत. त्यानंतर कितीतरी वर्षे मी घरीसुद्धा ळ जपून उच्चारत असे, आणि आजी म्हणे, "हा पाहुन्यावानी काहून बोलते?"

अमरावतीला बहिणीचा मुलगा नुकता बोलू लागला होता. तो 'डोला' म्हणे. आजीने त्याला मांडीवर घेतले. "बोबडं हाय लेकरू. डोया म्हन बाबू, डोया."

आजीच्या वाक्यात 'बोबडं' हा शब्द अगदी कोशातल्याच अर्थाने आला आहे. स्पष्ट उच्चार कोणता, ते मात्र तिने कोशाला विचारले नाही. परीक्षकांनी आणि आजीने एकच शब्द, एकाच खात्रीने वापरला. परीक्षकांच्या 'बोबडं' ने मी गप्प झालो, आजीच्या 'बोबडं' ने ते पोर खुदकन हसले आणि पुन्हा म्हणाले, "डोला."

कोशाची पुढची आवृत्ती काढणाऱ्यांनी 'बोबडा'खाली ही दोन्ही उदाहरणे शेजारीशेजारी द्यावीत. परीक्षकांचे नाव मी सांगणार नाही.