फणसाचे काटे आणि एका ओळीचे धैर्य

मुस्लिम मराठी साहित्याची चर्चा निघाली की ती बहुधा १९९० साली सोलापुरात भरलेल्या पहिल्या संमेलनापासून सुरू होते. फार मागे गेलो तर हमीद दलवाई आणि शाहीर अमर शेख यांच्यापाशी थांबते. त्यांच्याही तीनशे वर्षे आधी श्रीगोंद्यात बसून एक मुसलमान मराठीत ओव्या आणि अभंग रचत होता, याची आठवण आम्हाला क्वचितच होते. रा. चिं. ढेरे यांनी १९६७ साली 'मुसलमान मराठी संतकवी' हे पुस्तक लिहून ती करून दिली. त्या परंपरेतले एक ठळक नाव म्हणजे शेख महंमद. त्यांच्या एका लहानशा अभंगाविषयी येथे लिहायचे आहे.

हा अभंग आमच्या कोकणच्या माणसाला लगेच आपला वाटतो. केतकीच्या झाडाला काटे, पण आत केवडा. फणसाच्या अंगावर काटे, पण आत गोड गरे. नारळ वरून कठीण, पण पोटात पाणी. पावसच्या कोणत्याही मुलाला यातले काही समजावून सांगावे लागत नाही, कारण फणस आणि नारळ त्याच्या परसातच आहेत. एवढे झाल्यावर कवी शेवटी स्वतःचे नाव घेतो, आपण 'अविंध' असल्याचे सांगतो आणि आपल्या हृदयात गोविंद असल्याचे जाहीर करतो. अभंग तिथेच संपतो.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. एकदा हा अभंग वर्गात घेतला. वाचणारी मुलगी शेवटच्या ओळीपाशी थांबली. 'अविंध' म्हणजे ज्याचे कान टोचलेले नाहीत तो, म्हणजेच मुसलमान, हे आम्ही आधी सांगितले होते. तिने विचारले, "सर, हे त्यांनी स्वतःबद्दल स्वतःच लिहिलं? कुणी विचारलं नव्हतं तरी?" सगळी समीक्षा त्या प्रश्नात आहे, असे आम्हाला वाटते.

अभंगात शेवटी कवीने नाव घालायचे ही रीतच आहे. नाव लिहिण्यात धैर्य कसले? पण शेख महंमद नुसते नाव घालून थांबत नाहीत. ज्या शब्दाने लोक त्यांना परके ठरवत होते, तोच शब्द ते नावाला जोडतात. समोर हरिभक्तांचा समुदाय, भाषा त्यांची, छंद त्यांचा. अशा ठिकाणी आपले वेगळेपण लपवून रचना करणे सोपे होते. ते त्यांनी केले नाही. धैर्य एका ओळीपुरतेच आहे, पण त्या ओळीने आधीच्या तिन्ही उदाहरणांचा अर्थ बदलतो. तोवर निसर्गवर्णन वाटणारे काटे एकदम माणसाचे होतात.

हे बळ आले कुठून? सूरह ताहामध्ये हजरत मूसा (अलै.) यांना फिरऔनकडे जाण्याचा हुकूम होतो, तेव्हा ते आधी दुआ मागतात. छाती मोकळी कर, काम सोपे कर, जिभेची गाठ सोड. आमच्या शाळांतली मुले ही दुआ रोज म्हणतात. पैगंबरालाही धैर्य मागून घ्यावे लागले, आणि ते आधी छातीत उतरले, मग जिभेवर आले. शेख महंमदांचा अभंगही हृदयाशीच येऊन थांबतो. ईमानाने माणूस जन्मभराचा शूर होतो असे नाही. तो एखाद्या क्षणी, एखाद्या वाक्यापुरता निर्भय होतो. तेवढेही पुष्कळ असते.

मात्र आम्हाला या अभंगात एक गोष्ट खुपते, आणि ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. उदाहरणांचा क्रम धरला तर आतला गोविंद म्हणजे गरा आणि बाहेरचा अविंध म्हणजे काटा. मुसलमान असणे हा काय सोलून टाकायचा भाग आहे? 'तुम्ही मुसलमान वाटतच नाही' हे कौतुक आपल्यापैकी अनेकांनी ऐकले आहे. हा अभंग त्याच कौतुकाचा जुना नमुना म्हणून वापरला जाऊ शकतो, आणि जातोही.

वास्तविक फणस सोलणाऱ्याला ठाऊक असते की काटे असलेली साल हीच गऱ्याची राखण आहे. आणि कवीने ती साल टाकलेली नाही. नाव 'शेख महंमद'च राहिले. परंपरा त्यांना चांद बोधले यांचे शिष्य मानते. म्हणजे ते दोन घरांच्या उंबऱ्यावरचे साधक होते. 'योगसंग्राम' या अठरा प्रसंगांच्या ग्रंथात ते स्वतःच्या मनाशीच लढाई मांडतात. नफ्सविरुद्धचा हा झगडा आपल्या सूफींना परका नाही. तिथे धैर्य दीर्घ आणि तपशिलात आहे, अभंगात ते क्षणाचे आहे. दोन्ही एकत्र वाचले की कळते, की तो क्षण आयता आलेला नव्हता. 'गोविंद' हा शब्द ज्यांना रुचत नाही त्यांच्याशी आम्हाला भांडायचे नाही. त्यांनी कवीची हिंमत तरी पाहावी.

श्रीगोंद्याच्या त्यांच्या स्थानाला मंदिर म्हणावे की दर्गा, यावर अलीकडच्या वर्षांत ताणाताणी झाली. दोन्ही बाजूंनी हा अभंग एकदा शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला हवा. त्या ओळीत दोन्ही शब्द शेजारी बसले आहेत आणि कवीने एकालाही उठवलेले नाही.

आमच्या पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीमुळे दुरून माणसे येतात. त्यांची 'अभंग ज्ञानेश्वरी' इथल्या घराघरांत माहीत आहे. त्याच गावातल्या मुसलमान मुलांनी मराठी अभंग आपलाही वारसा म्हणून वाचावा, एवढीच आमची इच्छा आहे. त्या मुलीने नंतर ती ओळ पुन्हा वाचली. या वेळी थांबली नाही.