स्तूपाच्या आकारातले आकाश

वास्तूचा आकार तिच्या कार्यातून उपजावा, उसन्या वैभवातून नव्हे, हा निकष देवालयाला जितका लागू तितकाच विज्ञानमंदिरालाही. कलकत्त्याच्या बिर्ला तारांगणाकडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरेल. १९६२ साली सुरू झालेल्या आणि १९६३ साली पंडित नेहरूंच्या हस्ते उद्‌घाटन झालेल्या या वास्तूने सांचीच्या स्तूपाचे रूप धारण केले आहे.

प्रथमदर्शनी ही निवड समर्पक वाटते. तारांगणाचा घुमट हा अलंकार नव्हे, ती गरज आहे. मध्यभागीचा प्रक्षेपक प्रकाशाचे बिंदू वर फेकतो. पडदा चहूंकडे सारख्या अंतरावर असला तरच नक्षत्रांच्या आकृती न विसकटता उमटतात. अर्धगोल असा आपोआपच प्राप्त झाला. त्यावर आपल्याच परंपरेतला अर्धगोल चढविला, तर त्यात वावगे काय?

वावगे इतकेच की, स्तूप भरीव असतो. त्याच्या पोटात प्रवेश नाही. भाविकाने बाहेरून प्रदक्षिणा घालावयाची. तारांगण नेमके उलट. त्याचे सारे सत्त्व पोकळीत. भावार्थाने पाहता ते आपल्या देवळाच्या अधिक निकट आहे. उन्हातून सभामंडपाच्या सावलीत, तेथून गाभाऱ्याच्या काळोखात आपण क्रमाक्रमाने जातो आणि डोळे सरावल्यावर समईच्या उजेडातही मूर्ती स्पष्ट होते. मंद तारे दिसावयासही डोळ्यांना हाच अवधी लागतो. स्तूपाचे रूप या अंतर्यात्रेविषयी मौन पाळते.

दुसरा प्रश्न याहून मोठा आहे. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात जयपूर, उज्जैन येथे वेधशाळा उभारल्या. तेथील सम्राटयंत्राची तिरपी भिंत पृथ्वीच्या अक्षाला समांतर, म्हणून त्या त्या स्थळाच्या अक्षांशाइतकी कललेली असते. जयपूरची भिंत तशीच उज्जैनीस नेली तर वेळ चुकेल. तेथे वास्तू हेच यंत्र होय. स्तूपाचा घुमट मात्र कोणत्याही गावी तसाच शोभेल.

ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी उज्जैनीच्या वेधशाळेचा जीर्णोद्धार केला तो १९२३ साली. त्याच साली म्युनिक येथे झाइसच्या प्रक्षेपकाने घुमटावर कृत्रिम तारे प्रथम दाखविले. एक मार्ग सावलीने आकाश मोजण्याचा, दुसरा आकाशच घरात आणण्याचा. दुसरा सोयीचा ठरला; पण त्यात भिंतीकडे केवळ आवरणाचे काम उरले. नूतनीकरणानंतर २०१७ साली कलकत्त्याचे तारांगण पुन्हा खुले झाले ते नव्या प्रक्षेपकासह. यंत्र पालटले, घुमटाचे रूप तेच राहिले; दोहोंचे नाते किती सैल आहे, हे यावरून उघड होते.

कलकत्त्याची वास्तू देखणी आहे, शालीन आहे, हे नि:संशय. परंतु पुढील तारांगणाच्या स्थपतीने अंगणात एक मध्यान्हरेषा जरी आखली, तरी खेळ सुरू होण्यापूर्वीच खरा सूर्य प्रेक्षकाशी दोन शब्द बोलेल. विज्ञानमंदिराच्या शिल्पाकडून एवढी अपेक्षा गैर नव्हे.