भिंतीची जाडी आणि घराची शोभा

मुंबई-पुण्यातील सदनिकांची अंतर्गत सजावट गेल्या काही दशकांत जितकी सफाईदार झाली तितकीच ती एकसारखीही होत गेली, आणि या एकसारखेपणाचे मूळ रहिवाशांच्या अभिरुचीपेक्षा त्यांच्या घरांच्या भिंतींत अधिक आहे. जुन्या वाड्यांतील विटा-मातीच्या भिंती हात-दीड हात जाड असत आणि त्या जाडीतच कोनाडा, देवळी आणि फडताळ सामावलेले असे. म्हणजे भिंत रचतानाच दिव्याची, देवाची आणि भांड्यांची जागा ठरून जाई व त्यासाठी खोलीची जमीन अडत नसे. आजच्या उंच इमारतींत मात्र बांधकाम व्यवसायात ‘मायवान’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे उभारून भिंती व स्लॅब एकत्रच काँक्रीटमध्ये ओतण्याची रीत, पुष्कळ ठिकाणी रूढ झाली आहे. ही भिंत जेमतेम सहा इंचांची असते आणि इमारतीचा भारही तीच वाहते, त्यामुळे तिच्यात कोनाडा कोरणे दूरच, विजेच्या तारेसाठी नंतर खाच पाडणेसुद्धा जोखमीचे ठरते. जे भिंतीच्या पोटात होते ते असे भिंतीच्या पुढे आले, प्लायवूडच्या खोक्यांच्या रूपाने. आणि त्या खोक्यांना सुबक दिसण्यासाठी वरून लॅमिनेट, म्हणजे बाजारात सरसकट सनमायका म्हटला जाणारा पातळ थर, चिकटवावा लागला. अंतर्गत सजावट ही राहण्याची कला न राहता झाकण्याची कला झाली, ती या टप्प्यावर.

असे पूर्वी नव्हते. 1937 साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या संस्थेने मुंबईच्या टाउन हॉलमध्ये आदर्श घराचे प्रदर्शन भरवले, तेव्हा घराची आतली बाजू हा वास्तुविशारदाच्याच कामाचा भाग समजला जात होता. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानालगतच्या, 2018 पासून जागतिक वारशात गणल्या जाणाऱ्या आर्ट डेको इमारतींत जिन्याचा कठडा, खिडकीची जाळी आणि टेराझो, म्हणजे सिमेंटात संगमरवराचे तुकडे बसवून घासलेली जमीन, ही एकाच हाताने आखल्यासारखी वाटतात. स्वदेशीच्या प्रेरणेतून 1922 साली सुरू झालेल्या भारत टाइल्सच्या नक्षीदार फरश्यांत रंगाचा थर काही मिलिमीटर खोल असे, म्हणून पायांखाली झिजूनही नक्षी टिकून राही. आजच्या चकचकीत टाइलवर इटालियन संगमरवराच्या रेषा छापलेल्या असतात. तिला डाग पडत नाहीत आणि ती पुसायला सोपी असते, हे तिचे गुण मान्य करूनही, वापराने तिच्यावर कसलाही संस्कार होत नाही हे सांगावेच लागते.

सौंदर्य छेदात, म्हणजे इमारत उभी कापली असता दिसणाऱ्या रचनेत असते, हे चार्ल्स कोरिया यांच्या कांचनजंगा या 1983 मध्ये पूर्ण झालेल्या मुंबईतील इमारतीने दाखवून दिले. तेथील दुमजली उंचीच्या कोपऱ्यांतील गच्च्या जुन्या बंगल्याच्या व्हरांड्याप्रमाणे ऊन आणि पाऊस बाहेरच अडवतात, आणि आतल्या खोलीला सजावटीची फारशी गरजच उरत नाही. ती श्रीमंतांची इमारत होती हे खरे, पण तिच्यातील विचार महागडा नव्हता. पुढे 2012 साली मुंबईच्या विकास नियमावलीत बदल होऊन बाल्कनी आणि फ्लॉवर बेड चटईक्षेत्रात, म्हणजे भूखंडावर अनुज्ञेय असलेल्या एकूण बांधकामात, मोजले जाऊ लागले. पळवाट म्हणून होणारा त्यांचा गैरवापर त्यामुळे थांबला, परंतु बाल्कनी देण्यात विकासकाला वेगळा लाभ उरला नाही आणि घर व हवा यांच्यामधला तो उंबरठा अनेक नकाशांतून नाहीसा झाला.

सजावटकार येतो तो हे सारे ठरून गेल्यावर, ताब्याची किल्ली मिळाल्यानंतर. त्याच्या हाती उरते ते छत आणि पृष्ठभाग. मग बेताच्याच उंचीच्या खोलीत जिप्समचे फॉल्स सीलिंग लावून आणखी पाच-सहा इंच गमावले जातात, ते केवळ कडेने झिरपणाऱ्या प्रकाशासाठी. दमट, उकाड्याच्या हवेत छत खाली आणणे हा या कलेचा सर्वांत अविचारी संकेत म्हणावा लागेल. दुसरीकडे पाडलेल्या वाड्यांचे सागवानी खांब काचेच्या टेबलाखाली येऊन बसतात, आणि ज्याने तुळई पेलली त्याने फुलदाणी पेलावी हे पाहताना मन खिन्न होते. त्याच लाकडाचे दार पुन्हा दार म्हणून बसवणारे, कोटा किंवा शहाबादी फरशी घासून तशीच ठेवणारे आणि एखादी भिंत मुद्दाम मोकळी सोडणारे मोजके सजावटकार आहेत. या क्षेत्रातले खरे काम आज त्यांच्याकडे आहे.

स्वयंपाकघरात हा भेद सर्वाधिक जाणवतो. जागेवर काम करणारा सुतार ओट्याची उंची विचारून, प्रसंगी घरातल्या बाईला समोर उभी करून तिच्या कोपरावरून ठरवू शकत असे. कारखान्यातून येणारे मॉड्युलर किचन ठरावीक मापाच्या कपाटांवर उभे राहते, ट्रॉल्या अलगद सरकतात, कडा नेटक्या असतात. आणि जेमतेम पाच फूट उंचीच्या बाईला मात्र पोळी लाटताना रोज खांदे उचलावे लागतात.