क्रमशः कादंबरी कुठे टाकायची? आधी प्रश्नच तपासू

माझ्या पहिल्या प्रगती अहवालात एक वाक्य होतं : ‘स्वतंत्र लेखक आपल्या कथेला योग्य असा प्लॅटफॉर्म निवडतो.’ गाईडनी त्यातल्या ‘निवडतो’भोवती लाल पेनाने गोल काढला आणि शेजारी लिहिलं, ‘कोण कोणाला?’ तेव्हा चिडचिड झाली होती. एवढं सरळ वाक्य, त्यात काय खटकलं? आज तुमच्यातले काही जण पेटची तयारी करताय, काहींची सिनॉप्सिस अर्ध्यावर आहे. म्हणून त्या एका शब्दाने मला काय काय तपासायला लावलं ते सांगते.

इंटरनेटवर क्रमशः लिहू पाहणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो असा : जिथे वाचक जास्त, तिथे जा. ऐकायला पटतं. पण ‘वाचक जास्त’ हे मोजलं कशाने? वॉटपॅडचं उदाहरण घ्या. तिथे कादंबरीखाली दिसणारा ‘रीड्स’चा आकडा म्हणजे माणसं नव्हेत, तो सगळ्या भागांच्या वाचनांची बेरीज असतो. ऐंशी भागांची कादंबरी एकाच बाईने शेवटपर्यंत वाचली तरी ८० रीड्स. म्हणजे १००० रीड्स ही पहिल्याच भागावर कंटाळलेली हजार माणसं असू शकतात, नाहीतर ५० भाग मन लावून वाचणारी २० माणसं. लेखकाच्या दृष्टीने ह्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. तरीही शोधनिबंधांत तो आकडा ‘लोकप्रियता’ म्हणून सरळ उचलला जातो. मीही उचलला होता. तुम्ही उचलू नका. भागवार आकडे बघा आणि पहिल्या भागाकडून दहाव्याकडे जाताना किती गळती होते ते टिपा.

खरी गोष्ट मात्र मला किंडल वेलाने शिकवली. अॅमेझॉनने २०२१च्या जुलैत ती अमेरिकेतल्या वाचकांसाठी सुरू केली आणि २०२५च्या फेब्रुवारीत बंद केली. रचना समजून घ्या. भाग ६०० ते ५००० शब्दांचा. सुरुवातीचे तीन भाग फुकट, पुढचे टोकन देऊन उघडायचे, दर १०० शब्दांना एक टोकन. २०० टोकन साधारण दोन डॉलरला. म्हणजे १५०० शब्दांचा भाग वाचकाला पंधरा सेंटला पडायचा आणि त्यातला निम्मा वाटा लेखकाचा. ऐंशी हजार शब्दांची कादंबरी शेवटपर्यंत वाचणारा माणूस आठ डॉलरच्या आसपास खर्च करणार, लेखकाला पावणेचारच्या घरात मिळणार. तीच कादंबरी किंडलवर २.९९ डॉलरचं ईबुक म्हणून विकली तर ७० टक्के रॉयल्टीने दोन डॉलर. कागदावर वेला फायद्याची!

पण अट कुठली? वाचक शेवटपर्यंत टिकला तर. ईबुक विकत घेऊन तिसाव्या पानावर टाकून दिलं तरी लेखकाचे पैसे आलेले असतात. वेलामध्ये मात्र प्रत्येक भागाच्या शेवटी वाचकाला पुन्हा पाकिटात हात घालावा लागतो. आता लेखकाच्या जागी बसून बघा. खुनाच्या भागाला पंधरा टोकन आणि आई गेल्यावर मुलगी रिकाम्या घरात नुसती बसून राहते त्या भागालाही पंधराच. दुसरा भाग लिहायला धीर लागतो, कारण तो वाचून होताच वाचक पुढचं कुलूप उघडेलच असं नाही. मग काय होतं? त्या शांत भागाच्या शेवटी दार वाजतं. दारात कोण ते पुढच्या भागात. हे लेखकाचं वैगुण्य म्हणून लिहिणारे समीक्षक मला अप्रामाणिक वाटतात. दारावरची ती टकटक टोकनच्या हिशेबातून आलेली असते, आणि हिशेब न वाचता नुसतं दार वाचलं तर समीक्षा अर्धीच होते.

वेला बंद झाली तेव्हा मजकूर लेखकांचाच होता, तो घेऊन ते दुसरीकडे जाऊ शकत होते. जमवलेले वाचक मात्र नेता येत नव्हते, कारण त्यांचे ईमेल पत्ते लेखकाकडे कधी नव्हतेच. माझ्या मते निवड करताना विचारायचा पहिला प्रश्न इथे आहे. प्लॅटफॉर्मवर वाचक किती ह्याच्या आधी, उद्या निघालो तर बरोबर काय येईल?

ह्याच्या उलट टोकाला ‘वर्म’. वाइल्डबो ह्या टोपणनावाच्या लेखकाने २०११ ते २०१३ ही अवाढव्य कादंबरी स्वतःच्या वर्डप्रेस साईटवर लिहिली, मंगळवारी आणि शनिवारी एकेक प्रकरण. कुलूप नाही, टोकन नाही, प्रकरण हवं तेवढं लांब. म्हणजे स्वतःची साईट म्हणजे मोकळं रान? मीही आधी तसंच लिहिलं होतं. पण नीट पाहिलं तर तिथेही पैसा शिरलाय, फक्त वेगळ्या दाराने. देणग्या ठरावीक रकमेला पोचल्या की गुरुवारी जादा भाग यायचा आणि तो बऱ्याचदा नायिकेला बाजूला ठेवून दुसऱ्याच पात्राच्या नजरेतून असायचा. कादंबरीचं जग एवढं रुंद झालं त्यात ह्या जादा भागांचा हात आहे असं मला वाटतं. एका हिशेबाने टकटक दिली, दुसऱ्याने दहा जणांच्या नजरा दिल्या. मला दुसरा हिशेब जास्त आवडतो, हे लपवत नाही.

रॉयल रोडची गोष्ट अभ्यासकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. तिथे लेखक फुकट लिहितात, पुढची प्रकरणं आगाऊ वाचायची तर पेट्रिऑनवर पैसे. वाचक जमला की अनेक जण किंडल अनलिमिटेडकडे वळतात. तिथली अट अशी की ईबुक ९० दिवस दुसरीकडे डिजिटल रूपात नको. त्यामुळे रॉयल रोडवरची प्रकरणं काढली जातात, सुरुवातीची थोडी तेवढी उरतात. माझ्या यादीतल्या एका कादंबरीचं हेच झालं. चूक माझीच, वाचताना तारखेसह प्रत ठेवली नव्हती. पुस्तक विकत घेता आलं, पण ते सुधारून घेतलेलं होतं. ज्या ओळींवर मी चार पानं लिहिली होती त्या पुस्तकात नाहीत, आणि ती चार पानं मला काढावी लागली.

हे सगळं नवं आहे असं समजू नका. हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिती’ १८८५ पासून ‘पुणे वैभव’मध्ये, दुसऱ्याच्या पत्रात, क्रमशः आली. १८९० मध्ये त्यांनी स्वतःचं ‘करमणूक’ काढलं आणि ‘पण लक्षांत कोण घेतो’ त्यात आठवड्या-आठवड्याने छापली. मराठीत लिहिणारा आज प्रतिलिपी की स्वतःचा ब्लॉग ह्या विचारात असेल, तर तोच पेच त्याच्यापुढे आहे. फरक एवढाच की ‘करमणूक’चे अंक ग्रंथालयात जाऊन उघडता येतात. ॲपवरचा खोडलेला भाग कुठल्या कपाटात शोधणार?

तर सिनॉप्सिस लिहिताना, आणि स्वतः लिहीत असाल तर खातं उघडताना, आधी अटींचं ते कंटाळवाणं पान वाचा. भागाची लांबी, पैसे कधी मिळतात, मजकूर काढता येतो का, वाचकांशी थेट बोलता येतं का. कादंबरी नंतर वाचा. मी उलट केलं आणि एक सेमिस्टर गमावलं.

अहवालातलं वाक्य आता असं आहे : ‘लेखक आणि प्लॅटफॉर्म एकमेकांना घडवत जातात.’ गाईडनी ह्या वेळी ‘एकमेकांना’भोवती गोल काढलाय. ‘सारखंच?’ असं विचारलंय. सोमवारी भेटायचंय.