नख रडते तेव्हा विज्ञान हरवते

'मी त्वचा बोलते आहे', 'नखाचे मनोगत' अशा गोष्टी प्राथमिक वर्गांत आवडीने सांगितल्या जातात आणि मुले त्यांत रमतातही. मात्र विज्ञानशिक्षणाचे साधन म्हणून त्यांची पारख क्वचितच होते. खोडदच्या जीएमआरटी दुर्बीण केंद्रात विज्ञानदिनी (२८ फेब्रुवारी) भरणाऱ्या प्रदर्शनात जुन्नर-आंबेगावची शाळकरी मुले प्रयोग मांडत आली आहेत. प्रयोगाकडून आपण जो काटेकोरपणा अपेक्षितो, तो गोष्टीकडूनही अपेक्षायला हवा.

अशा गोष्टींतले नख कापताना रडते. इथेच धडा बिघडतो. नखाचा व केसाचा दिसणारा भाग केराटिन या प्रथिनाने भरलेल्या मृत पेशींचा असतो. वाढ होते ती मुळाशी. केस कापला तर दुखत नाही, उपटला तर दुखतो, असे का? गोष्टीला लागणारे कोडे या प्रश्नात आयतेच आहे. त्यासाठी नखाला रडवायची गरज नाही.

दुसरी उणीव परिसराची. मेंढीची लोकर, बैलाचा खूर, कोंबडीचे पीस यांत केराटिनच असते. जुन्नरच्या उसातला बिबट्या चालताना नखे आत ओढून घेतो, म्हणून त्याच्या ठशात ती सहसा उमटत नाहीत, कुत्र्याच्या उमटतात. (बिबट्याचा माग काढायला मुलांना धाडू नये. अंगणातले मांजर आणि कुत्रा पुरेत.) आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात भातलावणीनंतर बोटांवर सुरकुत्या पडतात. 'त्वचा पाणी पिऊन फुगली' हे उत्तर अपुरे आहे. ज्या बोटाच्या चेता तुटलेल्या असतात, त्यावर अशा सुरकुत्या पडत नाहीत. चेतांच्या आज्ञेने आतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून वरची त्वचा आत ओढली जाते.

सर्वांत गंभीर दोष रंगाचा. साबण लावून 'काळी त्वचा' गोरी आणि म्हणून आनंदी होते, अशी गोष्ट ऐकताना वर्गातले एखादे मूल स्वतःच्या हाताकडे पाहत असते. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींची संख्या सर्व माणसांत जवळपास सारखीच असते. फरक असतो त्या किती व कसले मेलॅनिन बनवतात याचा. हेच मेलॅनिन अतिनील किरणांपासून संरक्षण देते. त्याचा मळाशी काही संबंध नाही. तसेच कोड संसर्गजन्य नसते, आणि ते पापाचे फळही नव्हे. गोष्टीने हे सांगितले नाही, तर ती गैरसमजालाच बळ देते.

तेव्हा शिक्षकमित्रहो, गोष्ट जरूर सांगावी, पण तिच्या शेवटी मुलांना पडताळून पाहण्याजोगे काही उरावे. सणाला नखांवर मेंदी लावली की महिन्याने मुळाशी नवे, रंग नसलेले नख दिसते. ते पट्टीने मोजायला सांगावे. हाताच्या बोटांना सुमारे ३ मिलिमीटर भरेल. कोणाचे थोडे कमी, कोणाचे जास्त भरले, तर पुढचा तास त्या फरकावरच घ्यावा.